शिरा नंतर बघू, आधी घोटा दाखवा

प्रश्न : माझी आई ५७ वर्षांची आहे. १८ वर्षांपासून पोळी-भाजी केंद्र चालवते, रोज सात-आठ तास उभी असते. दोन्ही पायांवर, डाव्यावर जास्त, निळ्या-हिरव्या शिरा (व्हेरिकोज व्हेन्स) दोरीसारख्या वर आल्या आहेत. संध्याकाळी पाय सुजतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. वर्षभरात डाव्या घोट्याच्या वर, आतल्या बाजूला काळा डाग पडलाय, तिथे खाज येते. बीपीची गोळी चालू आहे. एका डॉक्टरांनी ‘लगेच लेझर करून टाका’ म्हटलं, मावशी म्हणते जळवा लाव, आणि मेडिकलमधून आणलेले शिरांसाठीचे घट्ट मोजे कपाटात पडून आहेत. ऑपरेशन खरंच लागेल का? शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून? आणि परत होत असेल तर करायचंच कशाला? मी २९ वर्षांची आहे, बाळाचा विचार चालू आहे. मलाही हे होईल का?

उत्तर : सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही मधेच, जाता जाता लिहिली आहे. तो घोट्यावरचा काळा डाग. २६ वर्षं मी पाय तपासते आहे. पेशंट साडी किंवा पँट वर करून मांडीवरची जाड शीर दाखवतात, आणि मी म्हणते, शिरा नंतर बघू, आधी घोटा दाखवा. पोटरीवर शिरांचं अख्खं जाळं असूनही खालची कातडी मऊ, निरोगी असलेली माणसं मी वर्षानुवर्षं नुसती बघत आले, त्यांना काही करावं लागलं नाही. उलट बाहेरून फारसं दिसत नाही, पण घोट्याच्या वर कातडी काळपट आणि चामड्यासारखी कडक झालेली, असा पाय आला की मला काळजी वाटते. आईचा पाय आता या दुसऱ्या प्रकाराकडे वळतोय.

असं का होतं, ते शेतावरच्या विहिरीवरून पटकन कळेल. मोटरच्या पाइपला तळाशी फूट-व्हॉल्व्ह असतो. तो गळका झाला की मोटर बंद केल्यावर पाइपातलं पाणी पुन्हा विहिरीत उतरतं. पायाच्या शिरांमध्ये असे अनेक व्हॉल्व्ह असतात, एकावर एक, पातळ पडद्याच्या जोडपाकळ्यांसारखे. रक्त वर जाऊ द्यायचं, खाली येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. मोटर म्हणजे पोटरीचा स्नायू. चालताना तो आवळतो आणि आतल्या खोल शिरांतलं रक्त वर ढकलतो. नुसतं उभं राहिलं की घोट्याजवळच्या शिरेत साधारण ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. निरोगी माणूस चालू लागला की तो ३० च्या आसपास उतरतो. व्हॉल्व्ह गळके असतील तर चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. फुगलेली शीर हा त्या दाबाचा फक्त दिसणारा भाग आहे. गळती बहुतेकदा वर असते, जांघेत किंवा गुडघ्यामागे, जिथे कातडीखालची शीर खोल शिरेला मिळते.

हे व्हॉल्व्ह तुम्हाला स्वतःच्या हातावर बघता येतील. १६२८ साली रक्ताभिसरण मांडताना विल्यम हार्वेनं हाच प्रयोग दाखवला होता. हात खाली सोडा, शीर टरारली की मनगटाच्या बाजूला तिच्यावर एक बोट दाबून ठेवा. दुसऱ्या बोटानं तिथून कोपराकडे शीर पुसत न्या आणि ते बोट उचला. मधला भाग रिकामाच राहतो, वरून रक्त परत येत नाही. खालचं बोट उचलल्यावरच भरतो.

आता मावशींच्या जळवांविषयी. आपल्याला शाळेत शिकवलं, रोहिणीतून शुद्ध रक्त आणि शिरेतून अशुद्ध रक्त. तो ‘अशुद्ध’ शब्द फार महागात पडलाय. त्यात ऑक्सिजन कमी असतो, एवढाच त्याचा अर्थ. ते घाण नसतं, विषारी नसतं, फुफ्फुसातून गेलं की तेच ‘शुद्ध’ होतं. पण लोकांच्या डोक्यात बसतं की शिरांत खराब रक्त साचलंय, ते काढून टाकलं की झालं. जळू थोडं रक्त काढेल, दोन दिवस हलकं वाटेलही. पण वरचा व्हॉल्व्ह तसाच गळका, म्हणजे आई उभी राहिली की शीर पुन्हा भरणार. शिवाय डागाळलेली कातडी आधीच कमकुवत असते, तिथे जळवेचा चावा चिघळायला वेळ लागत नाही. तिथे जळू लावू नका, हे मी स्पष्ट सांगते.

तो काळा डाग म्हणजे लोह आहे. वाढलेल्या दाबामुळे केशवाहिन्यांतून तांबड्या पेशी कातडीत पाझरतात, फुटतात आणि त्यांच्यातलं लोह तिथेच तपकिरी होऊन बसतं. घासून ते जात नाही. वजरीनं, लिंबानं घासून सोलून आणलेले पाय मी पाहिलेत. खाज येते म्हणून बहुतेक जण आधी मेडिकलमधून गजकर्णाचं मलम आणतात. त्यातल्या कितीतरी मलमांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस बरं वाटतं आणि कातडी आणखी पातळ होते. यापुढची पायरी म्हणजे घोट्याच्या वरचा भाग आकसून कडक होणं, पाय उलट्या बाटलीसारखा दिसू लागणं. मग एक दिवस नख लागतं, डास चावतो, खाटेचा कोपरा लागतो आणि तेवढी जखम महिनोन्‌महिने भरत नाही. १९९४ सालापासून आम्ही सी-० ते सी-६ अशी वर्गवारी वापरतो. नुसत्या फुगलेल्या शिरा सी-२, सूज सी-३, कातडीतले बदल सी-४, भरून आलेली जखम सी-५, उघडी जखम सी-६. तुमच्या वर्णनावरून आई सी-४ मध्ये आहे. म्हणून ‘ऑपरेशन लागेल का’ या प्रश्नाला, पाय न बघता देता येईल तेवढं उत्तर असं : बहुधा लागेल, पण घाबरून उद्याच नको. काही आठवडे नीट तपासणीत गेले तर बिघडत नाही. वर्षं घालवू नका.

पण सगळं खापर शिरांवर फोडण्याआधी आईच्या बीपीच्या गोळीचं पाकीट काढून नाव वाचा. अ‍ॅम्लोडिपिन असेल, तर त्या गोळीनंच अनेकांचे घोटे सुजतात, दोन्ही पायांचे. मी असे पेशंट पाहिलेत ज्यांचं लेझर झालं, सूज तशीच राहिली आणि गोळी बदलल्यावर उतरली. गोळी मनानं बंद मात्र करायची नाही. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, पर्याय असतात. दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर लघवीची तपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी), थायरॉइड आणि हृदय हेही बघून घ्यावं. पावलाची वरची बाजू आणि बोटंसुद्धा गादीसारखी सुजली असतील तर विचार हत्तीपायाच्या दिशेनं करायचा. विदर्भातल्या डॉक्टरांना हे सांगावं लागत नाही, पुण्या-मुंबईत कधीकधी सुटून जातं.

दुखण्याचंही तसंच. शिरांचं दुखणं म्हणजे जडपणा, ठणका. उभं राहून वाढतं, दिवस चढेल तसं वाढतं, पाय वर घेतले की उतरतं आणि चालल्यावर बहुधा बरं वाटतं. चालायला लागलं की पोटरी आवळून येते आणि थांबलं की दोन मिनिटांत मोकळी होते, असं असेल तर तो रोहिणीचा, म्हणजे रक्तपुरवठ्याचा आजार असू शकतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि मधुमेहींत तो आधी शोधायचा. कमरेपासून खाली सणक जात असेल तर नस मणक्यात दाबली जातेय. रात्री पोटरीत जे गोळे येतात, त्यांच्याबद्दल मी कुणालाच आश्वासन देत नाही. शिरा बंद केल्यावर काहींचे थांबतात, काहींचे नाही.

खरी तपासणी एकच, कलर डॉपलर, म्हणजे शिरेतलं रक्त कुठल्या दिशेनं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी. ती पेशंटला उभं करून व्हायला हवी. नुसतं आडवं झोपवून पाच मिनिटांत पाय बघितला असेल तर ती खोल शिरेत गुठळी आहे का, एवढं बघण्यापुरती ठीक. व्हॉल्व्हची गळती बघायला पेशंट उभा लागतो, पोटरी दाबून सोडावी लागते आणि रक्त किती वेळ उलटं येतं ते मोजावं लागतं. कातडीखालच्या शिरेत अर्ध्या सेकंदाहून जास्त उलटं आलं तर ती गळती. रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा : कोणती शीर गळतेय, कुठून कुठपर्यंत, आणि खोल शिरा मोकळ्या आहेत का. हे लिहिलेलं नसताना कुणी लेझरची तारीख देत असेल तर दुसरं मत घ्या. मोफत तपासणी शिबिरातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल-जांभळ्या बारीक रेषा घेऊन लोक घाबरून येतात. त्या रेषा हा बहुतेकदा दिसण्याचा प्रश्न असतो, तेवढ्यासाठी लेझर लागत नाही.

शीर बंद केली तर रक्त कुठून जाणार, हे मला जवळजवळ प्रत्येक घरातून विचारलं जातं, आणि प्रश्न रास्त आहे. पायातलं सुमारे नव्वद टक्के रक्त खोल शिरांतूनच वर जातं. कातडीखालची शीर ही बाजूची गल्ली आहे, आणि आईच्या पायात त्या गल्लीतून वाहतूक उलट्या दिशेनं चालू आहे. वर चढलेलं रक्त जांघेपर्यंत जातं आणि या शिरेतून पुन्हा खाली घसरतं. ती बंद केली की खोल शिरांवरचा बोजा कमी होतो. म्हणूनच आधी त्या मोकळ्या आहेत ना, हे बघायचं. ‘पुढे बायपास लागला तर हीच शीर वापरतात ना?’ असंही विचारतात. वापरतात, पण निरोगी असेल तर. फुगून वेडीवाकडी झालेली शीर तिथे चांगली समजली जात नाही.

पद्धतींवर फार लिहीत नाही, कारण त्यातली निवड डॉपलर करतं. पूर्वी जांघेत छेद देऊन शीर बांधायचे आणि तारेवर ओढून काढायचे. आता लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीची बारीक तार गुडघ्याजवळून आत घालतात, शिरेभोवती बधिर करणारं पातळ द्रावण सोडतात आणि शीर आतून उष्णतेनं बंद करतात. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेनं २०१३ साली क्रम ठरवून दिला : आधी उष्णतेची पद्धत, ती शक्य नसेल तर सोनोग्राफीखाली शीर बंद करणाऱ्या फेसाचं (फोमचं) इंजेक्शन, तेही नसेल तर छेद देऊन शीर काढण्याचं ऑपरेशन. मीही साधारण तसंच करते. लेझर श्रेष्ठ की रेडिओफ्रिक्वेन्सी, या वादात पडू नका. जे तुमच्या डॉक्टरच्या हातात बसलंय ते चांगलं. पेशंट बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. मांडीत आठ-पंधरा दिवस दोरी ओढल्यासारखं वाटतं, निळं-हिरवं पडतं. क्वचित कातडीचा एखादा पट्टा बधिर राहतो. खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका थोडा असतो, म्हणून पहिल्या दिवसापासून चालायला लावतो आणि पुढचे काही आठवडे लांबचा एसटीचा किंवा विमानाचा प्रवास टाळायला सांगतो. फोमनंतर आपल्या सावळ्या कातडीवर तपकिरी रेघा महिनोन्‌महिने दिसतात. हे आधी सांगितलं नाही तर लोक रागावतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

परत होतं का? काही जणांना होतं. बंद केलेली शीर सहसा बंदच राहते, पण शिरा कमकुवत असण्याचा स्वभाव तुमच्या अंगात असतो, दहा वर्षांनी दुसरी शीर गळू शकते. दात किडला म्हणून भरून घेतला, तरी पुढे दुसरा किडू शकतो, म्हणून कुणी पहिला तसाच ठेवत नाही. जखमेच्या बाबतीत तर पुरावा चांगला आहे. ब्रिटनमधल्या ४५० पेशंटांच्या ‘एव्हरा’ नावाच्या अभ्यासात (२०१८) सगळ्यांना दाबाचा पट्टा बांधला होता. निम्म्यांची शीर लवकर बंद केली, बाकीच्यांची थांबून. लवकर केलेल्यांपैकी निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली, थांबलेल्यांपैकी निम्म्यांची भरायला ८२ दिवस लागले. माझ्याकडे एका तालुक्याच्या गावचे केशकर्तनाचा व्यवसाय करणारे गृहस्थ आले होते. नऊ वर्षं जखम, नऊ वर्षं ड्रेसिंग. मलमं दर महिन्याला बदलली होती, पण दाबाचा पट्टा नीट कुणी बांधलाच नव्हता, नुसतं क्रेप बँडेज गुंडाळलेलं. पट्टा नीट बांधला, शीर बंद केली. चार महिन्यांनी मला म्हणाले, ‘मॅडम, नऊ वर्षांनी लग्नाला चप्पल सोडून बूट घातले.’

आता ते कपाटातले मोजे बाहेर काढा. ते पडून आहेत याचा दोष आईचा नाही. पाय न मोजता, ‘एल साइज द्या’ म्हणून आणलेले मोजे कुणीच घालत नाही. माप सकाळी, सूज नसताना घ्यायचं : घोट्याच्या वरचा सगळ्यात बारीक घेर, पोटरीचा सगळ्यात जाड घेर आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंतची उंची. गुडघ्यापर्यंतचे बहुतेकांना पुरतात. मांडीपर्यंतचे उन्हाळ्यात घसरतात आणि वळी पडून गुडघ्यामागे करकचतात. आईसारख्या पायाला साधारण क्लास २, म्हणजे घोट्याशी २३ ते ३२ मिलिमीटर दाबाचे लागतील. पण घालण्याआधी पावलावरची नाडी डॉक्टरनं चाचपली पाहिजे. मधुमेह असेल किंवा पाय गार पडत असेल तर घोट्याच्या आणि दंडाच्या बीपीचं गुणोत्तर मोजायला सांगा. ते ०.८ च्या खाली असेल तर घट्ट मोजे घातक ठरू शकतात. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायावर घट्ट मोजा घालून बोटं काळी पडलेली मी पाहिली आहेत.

सकाळी पलंगावरून पाय खाली सोडण्याआधी मोजे चढवायचे. आधी आंघोळ करून मग घालू म्हटलं, तर तोवर शिरा भरलेल्या असतात. आंघोळ आदल्या रात्री करा किंवा आंघोळीनंतर दहा मिनिटं पाय वर करून पडा. पैंजण काढून ठेवा. जोडव्यांत धागा अडकतो, म्हणून बोटं उघडी असलेला मोजा घ्या. जोडवी काढायला सांगितलं तर निम्म्या बायका मोजेच काढून ठेवतात, हा माझा अनुभव आहे. पावलावर आधी दुधाच्या पिशवीसारखी गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी चढवली की मोजा सरकतो, मग पिशवी पुढून ओढून काढायची. वरची कड दुमडायची नाही, ती दोरीसारखी आवळते. रात्री काढायचे, खोबरेल तेल लावायचं. रोज वापरले तर सहा महिन्यांत सैल पडतात, मग नवे. एप्रिल-मेमध्ये मी पेशंटांना कमी तास घाला म्हणते, पण उभं राहण्याचे तास सोडू नका. मी स्वतः ऑपरेशनच्या दिवशी घालते. आम्हा सर्जनांचे पायही पोळ्या लाटणाऱ्यांसारखेच उभे असतात. मोज्यांनी दाब आवरतो, व्हॉल्व्ह दुरुस्त होत नाही. डायोस्मिनच्या गोळ्यांनी काहींचा जडपणा आणि सूज कमी होते, शिरा आत जात नाहीत.

केंद्र बंद करायला मी सांगणार नाही. उभं राहणं आणि चालणं यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. वारीत वीस किलोमीटर चाललेले पाय संध्याकाळी दमतात, पण शिरांना ते चालणं चांगलंच. दर्शनबारीत दहा तास तिष्ठत उभं राहणं वाईट. आईचं काम दर्शनबारीसारखं आहे, वर शेगडीची धग, आणि उष्णतेनं शिरा आणखी पसरतात. लाटण्याचं काम उंच स्टुलावर बसून होऊ शकतं. दर अर्ध्या तासानं ओट्याला धरून वीस वेळा टाचा उचलायच्या. दुपारी वीस मिनिटं पाय छातीपेक्षा वर. खुर्चीसमोर स्टूल ठेवणं म्हणजे वर नव्हे. रात्रीसाठी पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन खुरांखाली दोन-दोन विटा. केंद्रात मदतीला बायका असतील तर त्यांनाही स्टूल द्या. उभ्यानं काम करणाऱ्यांची बसण्याची सोय करावी, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातही होतं. दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दिला.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना शिकवा. घोट्याजवळच्या शिरेवरची कातडी पातळ होते आणि कधीतरी, बहुतेकदा गरम पाण्यानं आंघोळ करताना, ती फुटते. दुखत नाही, त्यामुळे लाल पाणी वाहताना दिसेपर्यंत कळत नाही. माझ्याकडे एका आजोबांना आणलं होतं. घरच्यांनी घाबरून गुडघ्याच्या वर टॉवेल करकचून बांधला आणि त्यांना खुर्चीत बसवलं. त्यानं शिरेतला दाब वाढला आणि रक्त दुप्पट वाहिलं. करायचं ते सोपं आहे : लगेच आडवं झोपवा, पाय हृदयापेक्षा बराच वर धरा, जिथून वाहतंय तिथेच स्वच्छ फडक्यानं बोटानं दहा मिनिटं दाबा, मधेमधे उचलून बघू नका. थांबलं तरी पट्टा बांधून त्याच दिवशी डॉक्टरकडे. यानं माणसं दगावली आहेत, आणि बहुतेक घरी एकटी असताना. दुसरं, एकच पाय अचानक सुजला आणि पोटरी दुखू लागली, किंवा श्वास लागला, छातीत कळ आली, तर शिरांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट शोधत बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

तुमच्याबद्दल. आईला असेल तर मुलीला होण्याची शक्यता वाढते, होतंच असं नाही. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं, प्रोजेस्टेरॉनमुळे शिरा सैलावतात, पुढे गर्भाशयाचा दाब येतो, त्यामुळे शिरा दिसू लागल्या तर दचकू नका. चालत राहा, डाव्या कुशीवर झोपा, लागले तर मोजे. बाळंतपणानंतर बऱ्याच शिरा आपोआप उतरतात, म्हणून आम्ही गरोदरपणात काही करत नाही आणि नंतरही काही महिने थांबतो. आज पाय चांगले असतील तर आधी काही करून ठेवण्यासारखं नाही.

आईला तपासणीला नेताना संध्याकाळची वेळ घ्या, केंद्र आटोपल्यावरची. सकाळी पाय उतरलेला असतो आणि निम्मं दिसत नाही. गोळ्यांची पाकिटं, जुना रिपोर्ट आणि ते कपाटातले मोजे बरोबर असू द्या. बसत असतील तर नवे घ्यायची गरज नाही.